जावईबापूंची तिरपी रेघ

साऱ्या माळव्यात पत्ता सांगताना थेट मुळापासून सुरुवात करणारा माणूस एकच असेल, आणि तो नेमका आमच्या घरचा जावई व्हावा हे आमचं भाग्य. भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, देवासच्या एका कारखान्यात विजेची यंत्रं सांभाळायचे. देवासात कुणालाही घर विचारा, तो गावातल्या टेकडीकडे हात करून "टेकरीच्या मागे" म्हणून मोकळा होतो. आता मागे म्हणजे कुणीकडून मागे, हे ज्याचं त्यानं बघावं. भावजींना हे मुळीच खपत नसे. "भिया, तू उभा कुठे आहेस त्यावर घर हलतं का?" असं ते त्या बापड्यालाच खास माळवी थाटात विचारत. स्वतः मात्र पाकिटावर आधी भारत, मग मध्य प्रदेश, मग धार, मग गल्ली आणि अगदी तळाशी अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, नाव लिहीत. आमच्या पोस्टमनला खालून वर वाचायची इतकी सवय झाली की तो इतरांचीही पत्रं तशीच वाचतो, असं आई म्हणायची. हिंग कुठे आहे विचारलं तरी "स्वयंपाकघर, डावी फळी, दुसरी रांग, पितळी डबा" असं उत्तर यायचं, आणि तोवर ताईची फोडणी जळालेली असायची.

दुसरं वेड कॉम्प्युटरचं. सन दोन हजारच्या आगेमागे त्यांनी एक टेक्स्ट एडिटर, म्हणजे मजकूर लिहायचा साधासा प्रोग्राम, पाळला होता. पाळला हाच शब्द बरोबर, कारण त्याचा सोर्स कोड सगळ्यांना खुला होता आणि भावजी कामावरून आले की चहाच्या आधी त्याची विचारपूस करत. त्यात मराठी नीट उमटावी म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं आणि मग तो धारला अण्णांच्या कॉम्प्युटरवर बसवून दिला. अण्णा तेव्हा नुकतेच रिटायर झालेले. नातवंडं हिंदी शाळेतली. मराठी बोलत, पण वाचायला दिली की बोबडी वळे. त्यांच्यासाठी अण्णा घरची जुनी मराठी लिहू लागले: कुठल्या नात्याला काय म्हणतात, कुळाचाराला काय लागतं, कुणी कुणाला कधी ओवाळायचं. तीन वर्षं, दोन बोटांनी, चाळीस प्रकरणं. पहिल्या पानावर अनुक्रमणिका होती. तिच्यातली ओळ दाबली की ते प्रकरण समोर हजर. एकेचाळिसावं तेवढं बाकी होतं, जावयाचं.

आणि नेमक्या त्याच सुमाराला, व्हायरसला कंटाळून, भावजींनी एका रविवारी अण्णांच्या कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स घातलं आणि गड जिंकल्याच्या थाटात देवासची बस धरली. सोमवारी अण्णांनी अनुक्रमणिका उघडली. पहिली ओळ दाबली, तर कोरं पान. दुसरी दाबली, कोरं पान. चाळीस ओळी दाबल्या आणि चाळीस कोरी पानं बघितली. मी शेजारी उभा होतो. अण्णांचा चेहरा मला बघवेना.

आता आमच्याकडे जावयावर रागावायची सोय नाही. त्यामुळे अण्णांना राग आला की त्यांचा आदर वाढे. फोनवर ते म्हणाले, "जावईबापू, आपणांस सवड झाल्यास पाहावे. घाई मुळीच नाही." फायली जागच्या जागी आहेत, फक्त दिसत नाहीत, असं भावजी पलीकडून शपथेवर सांगत होते. "आपण म्हणता म्हणजे असतीलच," असं म्हणून अण्णांनी फोन ठेवला, कॉम्प्युटरवर आईनं विणलेला रुमाल घातला, आणि पुढचं प्रकरण लिहिणार नाही म्हणून जाहीर केलं. भावजी नंतर मला म्हणाले, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

भानगड होती एका तिरप्या रेघेची. फाइल कुठे ठेवली आहे ते लिहिताना विंडोज दोन नावांच्या मधे डावीकडे झुकलेली रेघ मारतं, लिनक्स उजवीकडे झुकलेली. लिनक्सवर आल्यावर एडिटरला ती डावी रेघ नावाचंच एक अक्षर वाटू लागली. तसल्या विचित्र नावाची फाइल कुठेच नाही म्हटल्यावर बिचारा नवं कोरं पान काढून देई. मी म्हटलं, मग अनुक्रमणिकेतल्या चाळीस ओळींतल्या रेघा बदला की, दहा मिनिटांचं काम. भावजी माझ्यावर असे चिडलेले मी पहिल्यांदाच पाहिले. "अण्णांनी बरोबर लिहिलंय. वाचता एडिटरला येत नाही. मग अण्णांचं कशाला खोडायचं?" शिवाय हीच प्रकरणं देवासला अण्णांच्या नातीच्या कॉम्प्युटरवरही जायची, आणि तिथे विंडोजच होतं. इथे सुधारलं की तिथे बिघडणार.

मग ते सोर्स कोडात शिरले. फाइलच्या अशा पत्त्याला, म्हणजे पाथला, ते वाटच म्हणत, त्यामुळे रोज संध्याकाळी ताईला "आज आणखी चार ठिकाणी वाट लागलेली सापडली" असं आनंदानं सांगत. अशी तिसाहून जास्त ठिकाणं निघाली, आणि प्रत्येक ठिकाणी ती वाट आपापल्या पद्धतीनं तोडलेली, लग्नघरात दहा काका दहा दिशांना मांडव दाखवतात तशी. भावजींनी ते सगळं उपटलं आणि एकच नाका बसवला. कुठलीही वाट आधी तिथे यायची. रेघ डावीकडे झुको की उजवीकडे, नाक्यावर तिला ओळखून पुढे सोडायचं. पहिल्या खेपेला लिनक्सवर चाललं तर विंडोजवर अडलं. दुसऱ्या खेपेला दोन्हीकडे अडलं. ताई म्हणाली, त्या दिवसांत ते जेवतानाही चमचा आधी डावीकडे, मग उजवीकडे झुकवून बघत.

तिसऱ्या रविवारी ते सकाळच्याच बसनं धारला आले, चहा नको म्हणाले, आणि रुमाल काढून नवा एडिटर चढवला. अनुक्रमणिका तीच, अण्णांच्या हातची, एक टिंबही न बदललेली. अण्णांनी पहिली ओळ दाबली. प्रकरण उघडलं. मग त्यांनी चाळीसही ओळी दाबल्या, एकही सोडली नाही. शेवटी चष्मा काढला, भावजींकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे गाढवा, तीन आठवडे माझा जीव टांगणीला लावलास."

आई दारातच थबकली. आमच्या घरात जावयाला अरे आजवर कुणी म्हटलं नव्हतं, गाढव तर लांबच राहिलं. आणि भावजी? पगारवाढ झाल्यासारखे हसत होते. त्या दिवशी त्यांनी बारा पुऱ्या खाल्ल्या आणि अण्णांनी त्यावरूनही त्यांना बोलून घेतलं. संध्याकाळी अण्णा एकेचाळिसावं प्रकरण लिहायला बसले. आम्हांला कुणाला वाचायला दिलं नाही.

अण्णांना जाऊन आता काही वर्षं झाली. परवा भाचीनं नवा कॉम्प्युटर घेतला आणि आजोबांच्या सगळ्या फायली त्यावर घातल्या. जुनीच अनुक्रमणिका, जुन्याच डाव्या रेघा, पण सगळी प्रकरणं उघडतात. ती अक्षरांखालून बोट फिरवत, अडखळत का होईना, मराठी वाचते. आम्ही सगळे बसलो होतो. तिनं शेवटचं प्रकरण काढलं आणि मोठ्यानं वाचलं: "जावई. यांस सदैव अहो म्हणावे. यांजवर रागावू नये. पोटचा वाटू लागल्यास अरे म्हणावे आणि खुशाल रागावावे."

"बाबा, ये आपके बारे में है ना?" तिनं विचारलं.

भावजींनी नेहमीप्रमाणे मुळापासून सुरुवात केली.

"धार, अण्णांचं घर, एकेचाळिसावं प्रकरण, शेवटची ओळ," ते म्हणाले. "माझा पत्ता तोच."