सेइसाच्या दातांमधली फट

सेइसा आमच्या राज्याची गव्हर्नर झाली हे राजधानीतल्या काही लोकांना अजून पटत नाही. त्यांच्यासाठी मी कशाला घसा कोरडा करू? माझा घसा तिच्या प्रचारातच बसला. मी जेनिव्हाल. टपावर चार कर्णे लावलेली माझी गाडी तिच्या प्रत्येक निवडणुकीत आमच्या गावच्या, पेद्रा मान्साच्या, धुळीत फिरली आहे.

आधी सव्वीस वर्षं ती आमच्या शाळेत स्वयंपाकीण होती. एका वर्षी नगरपालिकेने भात-घेवड्याचं सामान बंद करून नुसती बिस्किटं पाठवली. सेइसाने रिकामं पातेलं उचललं, महापौरांच्या खिडकीखाली ठेवलं आणि ओगराळ्याने बडवायला लागली. अकरा दिवस, तेही ऐन कामाच्या वेळात. बाराव्या दिवशी घेवड्याची पोती आली. लोकांनी तिला नगरसेवक केलं आणि पुढच्या खेपेला महापौरपदासाठी उभं केलं.

तिथेच घोडं अडलं. पक्षाने राजधानीहून इव्हांद्रो नावाचा सल्लागार पाठवला. आमच्याकडे कोटवाल्या कुणालाही डॉक्टर म्हणतात, म्हणून हाही डॉक्टर. त्याने सेइसाचा जाड चष्मा उतरवला, केस सरळ करून पिवळट रंगवले आणि तिच्या पुढच्या दोन दातांमधली फट फोटोत बुजवून टाकली. मतदान यंत्रावर आमच्याकडे टोपणनावही चालतं. तिचं 'जेवणवाली सेइसा' होतंच की! पण डॉक्टरांनी कागदोपत्री नाव दिलं, मारिया दा कॉन्सेसांव ब्रांदांव. मला ते पटलं नव्हतं, तरी शिकलेल्या माणसापुढे मी मान डोलावली. तो माझा भेकडपणा.

मतदानाला माझी आई, दोना इरासी, सगळ्यांच्या आधी हजर. तिला वाचता येत नाही. ती उमेदवाराचा नंबर दाबते, पडद्यावर चेहरा बघते, ओळखीचा असला तर हिरवं बटण, नसला तर चूक सुधारायचं केशरी. तिने सेइसाचा नंबर दाबला आणि पडद्यावर भलतीच बाई आली. केशरी. पुन्हा तीच बाई. पुन्हा केशरी. शेवटी रागाने कोरं मत देऊन ती बाहेर आली आणि रांगेत सांगत सुटली, की सेइसाचा नंबर चोरलाय, त्यावर शहरातली कुणी नटवी आणून बसवलीय. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी आत जाऊन नाव वाचलं, आणि त्यांची तर खात्रीच पटली. सेइसा एक्केचाळीस मतांनी पडली.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मी माफी मागायला गेलो. सेइसा मक्याचा सांजा वाफवत होती.

"तुमचं काय चुकलं, दोना इरासी?" ती म्हणाली. "त्या फोटोत मलाच मी ओळखू आले नव्हते."

आईने सांजा पुढ्यात ओढला. "फट कशाला बुजवलीस गं? तिच्यातून तर शिट्टी घालून पोरांना जेवायला बोलवायचीस."

पुढच्या वेळी चष्मा, फट आणि टोपणनाव, सगळं घेऊन ती महापौर झाली. दोनदा. मग राज्याच्या विधानसभेत गेली. तिच्यामुळे गावोगावच्या शाळांत पोरांना जेवताना दुसऱ्यांदा वाढायला लागले. मग गव्हर्नरपदाची उमेदवारी आली, आणि तिच्या मागोमाग इव्हांद्रोही आला. या वेळी खरोखरीचा दंतवैद्यच घेऊन. सगळं राज्य म्हणजे पेद्रा मान्सा नव्हे, असं त्याचं म्हणणं. ऐकलं नाही तर पक्ष हात आखडता घेईल, हेही त्याने गोड शब्दांत सांगितलं.

सेइसाने सगळं ऐकून घेतलं. "डॉक्टर, एकदा तुमचं ऐकून मी माझ्याच माणसांना परकी झाले. आता राज्य गेलं तरी चालेल, फट राहील."

पक्षाने खरंच हात आखडला. आम्ही उधार-उसनवार न करता, एकाच गाडीवर, राज्याच्या पार समुद्रकिनाऱ्यापर्यंत गेलो.

मतदानाच्या सकाळी चौऱ्याऐंशी वर्षांची आई काठी टेकत आत गेली. मी फाटकाशी उभा, जीव टांगणीला. ती बाहेर आली.

"आपलीच होती," ती म्हणाली. "चष्म्यासकट हसत होती."

"मग?"

"मग काय, हिरवं."

संध्याकाळी सातला कळलं, निम्म्याहून जास्त मतं सेइसालाच, मतदानाच्या दुसऱ्या फेरीची गरजच नाही. मी गाडीत बसून पोटभर रडलो, लपवत नाही. इव्हांद्रोचा निरोप आला, की तो हेच तर म्हणत होता.

जानेवारीत शपथविधी झाला. राजधानीच्या सभागृहात आमच्या गावच्या दोन बस भरून माणसं आली होती. निवेदकाने कागदोपत्री नाव पुकारलं. कोटवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, आमची माणसं ढिम्म. डोळे अधू झालेल्या आईने मला कोपर मारलं, "हिचं आटपलं की आपली येणार का रे?"

सेइसाने सही केली, माइकपाशी आली, आमच्या बाकांकडे बघून हसली आणि दातांच्या फटीतून शिट्टी घातली. तीच, जेवणाच्या सुट्टीतली. टकलं पडलेले, पोटं सुटलेले आमचे साठ-सत्तर बाप्ये खाडकन उभे राहिले आणि त्यांतले निम्मे, कुणी न सांगता, रांगेत लागले.