ताईच्या खिडकीला काच
काचवाला तोंडाचा फटकळ. चाळीस वर्षं लोकांच्या खिडक्या बसवल्या, पण घरमालकाला चार शब्द सुनावल्याशिवाय एक काच म्हणून जागेवर गेली नाही. युद्धबंदी झाल्यापासून मात्र त्याला ती युद्धबंदी हा एकच विषय पुरत होता, आणि तो निघाला की समोरच्याची खैर नसे.

युद्धात काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारायला त्यानेच अख्ख्या गल्लीला शिकवलं होतं. हादरा बसला तरी तुकडे अंगावर येत नाहीत. मग एका दुपारी देशाचे प्रमुख, साहेब, टीव्हीवर आले. "आपण जिंकलो! युद्ध संपलं, आता निर्धास्त राहा!" लोकांनी धडाधड पट्ट्या सोलल्या. थोरल्या बहिणीच्या घरच्या पट्ट्या काचवाल्याने स्वतः सोलल्या, वर रॉकेलच्या फडक्याने डागही पुसले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सीमेपलीकडून तोफेचा गोळा आला. ताई खिडकीशी भाजी निवडत बसली होती. तिचा उजवा डोळा गेला.

साहेब म्हणाले, "तुरळक घटना आहे." तुरळक! डोळे काय डझनावर मिळतात?

पुढचे दोन महिने तेच. चार दिवस शांत, पाचव्या दिवशी गोळा. जिंकलो म्हणावं तर पलीकडचेही पेढे वाटतात, हरलो म्हणायची कुणाची छाती नाही. ताईच्या खिडकीला प्लास्टिक ठोकलेलं, घरात भरदिवसा अंधार. उरलेल्या डोळ्याने सुईत दोरा ओवता येईना.

"काच बसव रे," ती म्हणाली, "पण आधी खरं काय ते विचारून ये. तुझ्या भरवशावर एक घालवलाय."

काचवाल्याच्या काळजाला ते झोंबलं. त्या पट्ट्या आपल्याच हाताने सोलल्या, हे त्याला रोज खात होतं.

तेवढ्यात सभागृहाचं काम आलं. साहेबांची विजयसभा होती, आणि तिथल्या बारा काचा फुटलेल्या. त्याने बाराही बसवल्या आणि मुद्दाम प्रत्येकीवर फुली मारली. साहेबांचा सचिव धावतच आला.

"अहो, हे काय? टीव्हीवर दिसेल सगळं! काढा आधी!"

"साहेबांना विचारतो. संपलंय म्हणाले तर काढतो."

साहेब आलेच होते. हसून त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "संपलंय म्हणून तर सभा आहे ना, काका! काढा बिनधास्त."

काचवाला शिडीवर चढला. एकेक पट्टी सोलत शेवटच्या, साहेबांच्या खुर्चीमागच्या काचेपाशी पोचला. तीही सोलली. खाली साहेब सचिवाच्या कानाला लागले, आणि दोन माणसांनी ती जड खुर्ची उचलून पार आतल्या भिंतीला नेली.

"उजेड डोळ्यांवर येतोय," सचिव लोकांना म्हणाला.

काचवाल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उजेड पाठीमागून येत होता, साहेब!" तो शिडीवरूनच ओरडला. "पाठीला डोळे आहेत का तुम्हाला? माझ्या बहिणीला समोरचेसुद्धा दोन राहिले नाहीत!"

लोक मागे वळून बघायला लागले. पोलिसांनी त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. शिडी आतच राहिली.

तो तडक ताईकडे गेला. ती दारातच उभी होती.

"काय म्हणाले?"

"संपलं म्हणाले."

"मग काच आणलीस?"

"ताई, काचेवरची पट्टी काढल्याबरोबर त्यांनी स्वतःची खुर्ची खिडकीपासून हलवली."

 ताई चाचपडत आत गेली आणि हातोडी घेऊन आली.

"प्लास्टिकच घट्ट ठोक," ती म्हणाली. "आणि पट्ट्या का काढल्या म्हणून स्वतःला बोल लावणं आता पुरे कर."