बोटांवरची किरुंडी

बमरोलीहून पांडेसऱ्याला जाणाऱ्या शटल रिक्षात तो आठवडाभर माझ्या शेजारी बसायचा. पन्नाशीचा माणूस, पण गुडघा एक क्षण स्वस्थ नाही. डाव्या हाताच्या एकेका बोटावर अंगठा टेकवत पुटपुटायचा, "न्दाकोरा, उराकोरा, आराकोरा..." मला वाटलं, जप असेल. शेवटी वैतागून विचारलंच.

"किरुंडी भाषा आहे. मी काम करतो, तू करतोस, तो करतो," तो म्हणाला. "आफ्रिकेत, बुरुंडीला लूम बसवायला जातोय. तिथल्या कारागिरांना शिकवायचंय."

"हातवारे करून भागेल की!"

त्यानं उजवा हात पुढं केला. दोन बोटं नव्हती.

"धुळ्याहून इकडं नवाच आलो होतो, भाऊ. लूमपाशी शेठ ओरडला, 'आघो खस!' 'बाजूला हो' म्हणत होता, हे नंतर कळलं. मला गुजराती कुठं येत होती? मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो."

गुडघा पुन्हा हलू लागला. अंगठा पुन्हा पहिल्या बोटावर गेला.

त्याच दिवशी आमच्या मिलमध्ये एक नवा ओडिया कारागीर चालत्या रोलरवर वाकलेला दिसला. मी तोंड उघडलं आणि तसाच त्याच्याकडं धावत सुटलो. बारा वर्षं सुपरवायझर आहे मी. 'बाजूला हो'ला ओडियात काय म्हणतात, कधी कुणाला विचारलंच नव्हतं.