लहूने घासलेला हौद

मढच्या कोळीवाड्यात लहूइतकं स्वच्छ काम करणारा माणूस नव्हता, आणि तेच त्याला नडलं. होडी किनाऱ्याला ओढली की तळाला चिकटलेलं शेवाळ तो असं खरवडायचा की लाकूड नवं दिसायचं. घाणेरडा तळ म्हणजे आळशी नाखवा, असं त्याच्या बापाने शिकवलेलं.

एकदा ओहोटीला खडकांवर कालवं काढताना त्याचा पाय समुद्रातल्या साळिंदरावर पडला. लिंबाएवढा काळा गोळा, अंगभर काटे. काटे टाचेत मोडले, पू झाला, पाय कायमचा अधू झाला. धाकट्या भावाने, हरेश्वरने, त्याला होडीतून उतरवलं. "लंगडा होडीत कशाला पायजे?" असं चारचौघांत म्हणाला. सख्खा भाऊ बरं का! मग लहूची बायको मथुरा मासळीची पाटी डोक्यावर घेऊन अंधेरीला जायला लागली आणि लहू घरी चूल फुंकत बसला. बायकोच्या कमाईचा घास गिळवत नाही, हे तो कुणालाही सांगायचा.

त्रेपन्न साली चंद्रप्रकाश शेठने मढात बंगला बांधला. तेव्हा मुंबईत काचेआडचे मासे बघायला झुंबड उडायची. शेठलाही हौस आली. व्हरांड्यात एका बाजूला काच लावलेला हौद झाला, पण मासे टिकेनात. मग कुणीतरी सांगितलं, साळिंदर ठेवा, चिवट असतं. लहूने पाच आणून दिली. शेठ म्हणाला, "होळीला पाहुणे येणार आहेत. तोपर्यंत जगवलीस तर कायमचा माझ्याकडे."

"मथुरे, ज्यानं पाय खाल्ला तोच आता पोट भरील बघ," लहू घरी येऊन म्हणाला. कितीतरी महिन्यांनी तो हसला होता.

दिवाळीपासून तो रोज भरतीचं ताजं पाणी खांद्यावरून आणायचा. हौदातले दगड, भिंती, काच, सगळं नारळाच्या काथ्याने घासायचा. हिरवा ठिपका दिसला की गडी कासावीस. साळिंदराला खायला काय द्यायचं, ते शेठला ठाऊक नव्हतं. दर्यात त्याला कोण ताट वाढतं, असं म्हणून लहूनेही तो विषय सोडून दिला. येणारेजाणारे म्हणत, काय झकास चकाचक हौद आहे!

थंडी सरताना काटे गळायला लागले. पाणी घाण झालं असणार, असं वाटून लहू दोनदा घासायला लागला. काटे आणखी गळले. होळीच्या आदल्या दिवशी चार साळिंदरं टकली होऊन तळाशी मरून पडली आणि पाचवं जेमतेम हलत होतं.

होळीला शेठ पाहुण्यांसमोर ओरडला, "हौद साफ ठेवायचा होता, तेवढंही जमलं नाही?"

हे सांगताना माझं डोकं आजही तापतं. लहूला, अरे, लहूला अस्वच्छ म्हणाला! आणि लहूला ते खरं वाटलं. खाली मान घालून त्याने पाचही गोळे उचलले, बंगल्यामागच्या डबक्यात टाकले आणि घरी गेला. त्या डबक्यात भरतीचं पाणी यायचं आणि त्याचे दगड शेवाळाने बुळबुळीत झालेले असायचे.

उन्हाळ्यात लहू त्या वाटेने चालला होता. डबक्यातल्या एका दगडावर पाचवं साळिंदर बसलं होतं. अंगावर नवे, आखूड काटे. त्याच्या मागे हिरव्या शेवाळातून बोटभर रुंद पांढरा पट्टा गेला होता. तेवढंच शेवाळ खाऊन त्याने दगड लख्ख केला होता.

लहूने त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं; असंच शेवाळ तो हौदातून रोज घासून काढत होता.

घरी मथुरा म्हणाली, "शेठला जाऊन सांग ना. परत ठेवील तो."

"काय सांगू? रोज घास काढून घेतला त्यांच्या तोंडचा, नि वर ताजं पानी पाजलं?"

पावसाळ्याआधी होड्या वर ओढल्या. हरेश्वरने तळ खरवडायला बोलावलं, तेही पहिल्यांदाच गोड बोलून. लहू गेला नाही. त्याने पुन्हा कुणाच्याच होडीला हात लावला नाही. मथुरा पाटी घेऊन जात राहिली, आणि लोक म्हणू लागले, लहू आळशी झाला.