मालकिणीचा बाक

रविवारी सकाळी ओरेस्ते एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात सपात घालून दारात येऊन उभा राहिला, आणि वर घाई त्यालाच. त्याच्या बायकोने, इझोलिनाने, त्याला धरून खुर्चीवर बसवलं, दुसरा बूट चढवला, नाडी बांधली. तो तिच्या वाकलेल्या डोक्याकडे बघत होता. मग अगदी अदबीने म्हणाला, "फार त्रास देतोय मी तुम्हाला, बाई."

"पुरे झाली तुझी नाटकं," ती म्हणाली. "ऊठ आता."

आठवडाभर हे चाललं होतं. सूप वाढलं की "छान झालंय हं, बाई." अंथरूण नीट केलं की "आभारी आहे, बाई." जन्मभर थट्टेवारी जगलेला माणूस, ही त्याची आणखी एक थट्टा, असं इझोलिना धरून चालली होती. धरून चालल्याशिवाय तिला गत्यंतरच नव्हतं, कारण दुसरं जे काही असू शकत होतं त्याचा विचार करायची तिची तयारी नव्हती.

लुक्का शहरावरच्या टेकड्यांमधे व्हिला सान्तारेल्लीची जी बाग आहे, तिथे ओरेस्ते पाण्याच्या चाव्या सांभाळायचा. ती बाग ज्या सरदाराने केली त्याला आल्यागेल्याला भिजवायची भारी हौस होती. पोटं भरलेल्यांच्या हौशी अशाच असतात. बाकाखाली, पायऱ्यांच्या सांध्यांत, दगडी माशांच्या तोंडात त्याने शिशाच्या नळ्या घातल्या आणि टेकडीवर टाकी बांधली. पाहुणा बाकावर टेकला की खाली तळघरातल्या माणसाने चावी फिरवायची, की वर झालीच रेशमी कपड्यांची वाट. सरदार गेला, रेशीम गेलं, खोडी तेवढी राहिली. आता लोक तिकीट काढून भिजायला येतात, आणि भिजले की मोबाइल भिजला म्हणून कोकलतात.

तळघरातून वरचं काही दिसत नाही. बाकाच्या पायाशी एक झरोका आहे, त्यातून नुसतं ऐकू येतं. म्हणून बाग दाखवणाऱ्याने वर एक ठरलेलं वाक्य म्हणायचं आणि खालच्याने ते ऐकून चावी फिरवायची, अशी तिथली रीत. बाग दाखवायचं काम इझोलिनाचं. तिचं वाक्य होतं, "याच बाकावर बसून जुनी मालकीण पावसाची वाट बघायची. बसा ना, बसून बघा."

ती पोरसवदा असताना या कामावर आली तेव्हा या खोडीबद्दल तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी दमून, सुस्कारा टाकत त्या बाकावर बसली आणि आईने शिवून दिलेला नवा झगा घोट्यापर्यंत निथळला. खालून हसण्याचा आवाज आला. त्याच आठवड्यात ओरेस्तेने नुसत्या पावलांच्या आवाजावरून तिला पायऱ्यांवर गाठलं, माशांपाशी गाठलं, आणि चर्चला जायच्या कपड्यांत असताना पुन्हा बाकावर गाठलं. "कपडे वाळवून वाळवून कंटाळले, म्हणून शेवटी याच्याशी लग्न केलं," असं ती पुढे पाहुण्यांना सांगायची, आणि पाहुणे दरवेळी हसायचे. लग्न झालं म्हणून काही तो थांबला नाही. बाग हिवाळ्यासाठी बंद व्हायच्या दिवशी, लिंबांच्या कुंड्या आत नेऊन झाल्या की ती सहज म्हणून गुणगुणत त्या बाकावर बसायची, आणि तोही सहज म्हणून चावी फिरवायचा. आधी सूचना म्हणून नाही. ती ओरडायची, शिव्या घालायची, आणि वर्षभर त्या दिवसाची वाट बघायची.

मधे एकदा एक भानगड झाली होती. बाग बघायला आलेले बिशपसाहेब बाकावर टेकले, आणि शाळेच्या सहलीतल्या कोणा वाह्यात कार्ट्याने झरोक्याशी वाकून तेच वाक्य खड्या आवाजात म्हणून टाकलं. ओरेस्तेने इमानाने चावी फिरवली. बिशपसाहेबांची टोपी तरंगत माशांच्या हौदात गेली. नोकरी जाता जाता राहिली. त्या संध्याकाळी इझोलिनाने नवऱ्याला दरडावून सांगितलं, "यापुढे माझ्या आवाजाशिवाय चावीला हात लावायचा नाही. साक्षात पोप येऊन बोलला तरी नाही. शपथ घे." त्याने छातीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि ती पाळली. एकदा ती तापाने आजारी होती तेव्हा बदली आलेल्या मुलीने घसा बसेपर्यंत तेच वाक्य म्हटलं, पण हा पठ्ठ्या ढिम्म हलला नाही.

गेल्या दोन वर्षांत मात्र ओरेस्ते एकेक गोष्ट सांडत चालला होता. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग घराची वाट, मग लेकीचा चेहरा. लोरेदाना, त्यांची एकुलती एक मुलगी, आली की तो उठून तिला खुर्ची द्यायचा आणि तिच्या वडिलांची खुशाली विचारायचा. पण तळघरात नेऊन बसवलं की पहिल्यासारखा. हात चावीवर, कान झरोक्याकडे, वाक्य आलं की पाणी. एकदाही चूक नाही.

लोरेदानाने लुक्कातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या वृद्धाश्रमात त्याच्यासाठी जागा बघून ठेवली होती. "आई, तू पडशील एक दिवस. मग तुम्हा दोघांना कोण उचलणार?"

"माझ्या आवाजाला पाणी येतंय ना? मग तो माझा आहे अजून," इझोलिना म्हणाली.

"आणि यायचं थांबलं की?"

"थांबलं की तू म्हणशील तसं."

हे ती रागाच्या भरात बोलून गेली होती. पण लोरेदानाने ते ऐकून ठेवलं होतं, आणि त्या रविवारी ती तिकीट काढून बाग बघायला आली. आपल्या आईच्या बागेत, तिकीट काढून! इझोलिनाने तिला फाटकाशी बघितलं. ओरेस्तेला हाताला धरून तिने तळघरात नेलं, स्टुलावर बसवलं, त्याची टोपी सरळ केली. "ओरेस्ते, आज चुकू नकोस रे," ती म्हणाली. तो हसला आणि म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका."

वर मंडळी जमली होती. तोरिनोचं एक नवं जोडपं, बोलोन्याचं एक मोठं कुटुंब आणि त्यांची गडगडाटी हसणारी आत्या, आणि सगळ्यांच्या मागे काळा चष्मा लावलेली लोरेदाना. इझोलिनाने त्यांना लिंबांच्या कुंड्या दाखवल्या. अळीने खाऊन पिवळी पडलेली कुंपणं दाखवली आणि ती मुळात कशी हिरवीगार होती हे सांगितलं. हीच वाट, हीच माहिती, हेच विनोद, इतकी वर्षं तोंडातून आपोआप बाहेर पडणारे. आज प्रत्येक शब्द ढकलून काढावा लागत होता.

मंडळी बाकापाशी आली. नवं जोडपं लगेच जाऊन बसलं, आत्याबाईही त्यांच्या शेजारी ऐसपैस बसल्या. फोटो काढायला तिघेचौघे सरसावले.

"याच बाकावर बसून जुनी मालकीण पावसाची वाट बघायची," इझोलिना म्हणाली. "बसा ना, बसून बघा."

काहीही झालं नाही. झाडात एक कबुतर घुमत होतं, ते घुमत राहिलं.

एखाद्या वेळी त्याचा हात घसरतो, चावी जड आहे. तिने आत्याबाईंना त्या कुठून आल्या ते विचारलं, एवढं तेवढं बोलली. मग झरोक्याच्या जवळ सरकून तिने तेच वाक्य मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हटलं. शेवटी आवाज चिरकला.

"बाई," आत्याबाई म्हणाल्या, "मालकीण बहुतेक अजून वाटच बघतेय!" आणि सगळे खो खो हसले.

इझोलिनाही हसली. काय करणार? "यंदा टाकीत पाणी कमी आहे," ती म्हणाली, आणि मंडळींना पुढे घेऊन गेली. टाकी काठोकाठ भरलेली होती. तिने सकाळी स्वतः पाहिली होती. उरलेली बाग तिने कशी दाखवली ते तिचं तिलाच ठाऊक नाही. फाटकाशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आत्याबाईंनी तिचे गालगुच्चे घेतले, आणि ते सगळे गेले. लोरेदाना मागे राहिली.

"मी काही बोलत नाहीये, आई."

"बोलूच नकोस. नळीत कचरा अडकला असेल. झोपला असेल तो. माणूस आहे, डुलकी लागते."

तळघराच्या पायऱ्या उतरताना ती मनात नवस बोलत होती. झोपलेला असू दे. उठून कुठे भटकलेला असू दे. बेशुद्ध पडलेला असता तरी त्या घडीला तिला चाललं असतं, इतकी ती टेकीला आली होती.

ओरेस्ते टक्क जागा होता. स्टुलावर ताठ बसलेला, टोपी सरळ, दोन्ही हात चावीवर.

"ऐकू आलं नाही का तुला?" तिने विचारलं.

"आलं की," तो म्हणाला. "दोनदा आलं. कोणीतरी बाई होती. वाक्य अगदी बिनचूक म्हटलंन."

"मग?"

"मग काय? मी फसतो होय?" त्याने तिच्याकडे बघून डोळे मिचकावले. "ते माझ्या बायकोचं वाक्य आहे. तिच्या आवाजाशिवाय चावी फिरवायची नाही, साक्षात पोप आला तरी नाही. शपथ घेतलीय मी. पूर्वी एका कार्ट्याने मला बनवलं होतं, बिशपची टोपी गेली हौदात. आता कोणी कितीही नक्कल करू दे."

इझोलिना त्याच्यासमोर ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन तिने ते वाक्य म्हटलं, हळूच, पहिल्या वर्षी म्हणायची तसं. त्याने मान कलती करून पूर्ण ऐकलं. आणि मग तिच्यापुढे बोट नाचवलं.

"अस्सं! तुम्ही होतात तर! छान म्हणता हो. पण नाही जमायचं, बाई. तिचा आवाज निराळा आहे."

तो सगळंच विसरला असता, चावी, वाक्य, शपथ, तर ते तिने सोसलं असतं. त्या दिवसाची तिने मनाची तयारी करून ठेवली होती. पण तो काहीच विसरला नव्हता. बिशपची टोपीसुद्धा विसरला नव्हता. या सगळ्यातून फक्त ती तेवढी वगळली गेली होती. तो तिच्याशी इमान राखून बसला होता आणि त्याच इमानापायी तिला दाराबाहेर ठेवत होता. रागवावं तर कोणावर? शपथ तिनेच घ्यायला लावली होती. तिला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण परक्या बाईला रडताना बघून तो घाबरला असता, म्हणून ती रडली नाही.

"चल, घरी जाऊ," ती म्हणाली.

"छे छे, असं कसं? तिने हाक मारल्याशिवाय मी उठायचा नाही. ती येईल आता. वर माणसं असतील तिच्याबरोबर."

इझोलिना भिंतीला धरून उठली.

"ती घरी गेलीय," ती म्हणाली. "तिनेच मला पाठवलंय, तुम्हाला घेऊन यायला."

लग्नानंतर ती त्याला पहिल्यांदाच तुम्ही म्हणत होती. ओरेस्तेचा चेहरा उतरला. "रागावून गेली का? मी पाणी सोडलं नाही म्हणून?"

"नाही हो. रागावली नाही. तुम्ही बरोबर केलंत म्हणाली."

"असं म्हणाली?" त्याने समाधानाने चावीवरचे हात काढले, ते पँटला पुसले, आणि तिच्या हाताला धरून पायऱ्या चढू लागला.

वर लोरेदाना उभी होती. इझोलिनाने तिच्याकडे न बघताच सांगितलं, "फोन कर आश्रमात." आपलंच म्हणणं खरं झालेली लोरेदाना चष्म्याआडून हुंदके देत बाजूला गेली आणि पर्समधे फोन शोधू लागली. ओरेस्तेने तिला बघून अदबीने टोपी उचलली.

उतरत्या उन्हात दोघं बाकापर्यंत आली. इझोलिना बाकाकडे वळली, तसा त्याने घाईघाईने तिचा दंड धरला.

"तिथे नका बसू, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "खरं म्हणजे कोणाला सांगायचं नसतं हे. पण तिथे बसणाऱ्याला आम्ही भिजवतो. तुमचे कपडे चांगले आहेत, उगीच खराब होतील."

तिने त्याचा हात सोडवला आणि बसली. तो टोपी हातात घेऊन, जरा लांब, ती उठायची वाट बघत उभा राहिला. बाक कोरडा ठणठणीत होता.