चौथी काच काळी होती

माझ्या मूत्रपिंडाचा तुकडा जिने सगळ्यात आधी नीट पाहिला, तिला हॉस्पिटलात सगळे काचताई म्हणायचे. तळमजल्यावर जिन्यामागून वळून गेलं की एक बिनखिडकीची खोली होती. तिथे ती अठ्ठावीस वर्षं बसली. ती डॉक्टर नव्हती, तंत्रज्ञ होती. गोठवलेला तुकडा केसाहून पातळ कापायचा, काचेवर घ्यायचा, त्यावर रंग चढवायचा आणि काय दिसतं ते वर कळवायचं, हे तिचं काम. एवढ्या वर्षांत तोंडओळखीचा म्हणावा असा एकही पेशंट तिला नव्हता. तिच्याकडे माणसं डबीतून यायची, वर नंबर चिकटवून.

मी शिवणकाम करते, शाळांचे आणि दवाखान्यांचे गणवेश. सात वर्षांपूर्वी माझे पाय सुजायला लागले. दिवसभर मशीनवर बसून होत असेल, असं म्हणून मी काणाडोळा केला. सासूबाईंनी मात्र एका सकाळी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरून येईना. त्या तशाच उठल्या. चपला घालून दारात उभ्या राहिल्या, मी निघेपर्यंत.

लघवीतून प्रथिनं वाहून जात होती. पाठीतून सुई घालून मूत्रपिंडाचा बारीकसा तुकडा काढला. रक्त गाळणाऱ्या बारीक नळ्यांच्या भिंतींवर माझ्याच अँटीबॉडी साचल्या आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं. अँटीबॉडी म्हणजे रोगजंतूंना धरायला शरीराने पाळलेली फौज. इथे कुंपणच शेत खात होतं. पण हा आजार बहुधा मूत्रपिंडापुरताच आहे, पुष्कळांचा आपोआप ओसरतो, सहा महिने साध्या गोळ्यांवर वाट पाहू, असं ते म्हणाले. रक्ताच्या तपासणीत दुसरं काही निघालं नव्हतं. आमचा जीव भांड्यात पडला.

खाली काचताईला मात्र चैन पडेना. हे तिने मला पुढे सांगितलं. अँटीबॉडी दाखवणारा भिंतींवरचा हिरवा रंग तिच्या ओळखीचा होता, पण नळ्यांच्या मधल्या जागेतही अगदी फिकट हिरवी धूळ दिसत होती. ती तिथे असायला नको होती. दोन दिवस ती दुसऱ्यांच्या काचा बघत राहिली आणि पुन्हा पुन्हा माझ्या काचेकडे वळली. फ्रीजरमध्ये माझा तुकडा थोडा उरला होता. विभागप्रमुखांना विचारून तिने त्याच्या आणखी चार काचा केल्या.

चारच का, तर या जातीच्या अँटीबॉडीत चार उपप्रकार असतात; एकेका काचेवर एकेकीलाच चिकटून चमकणारा रंग. ती त्यांना चार बहिणी म्हणायची. दिसायला सारख्या, स्वभाव वेगळे. पहिली आणि तिसरी तापट; कशाला चिकटल्या की आरडाओरडा करून शरीरातली आणखी कुमक बोलावणार आणि तिथे जाळपोळ करणार. दुसरी मधली. चौथी अबोल, सहसा कुणाला हाक मारत नाही. मूत्रपिंडापुरत्या आजारात भिंतीवर बहुतेक वेळा चौथीचाच भरणा असतो. ल्यूपसमध्ये, म्हणजे फौज सगळ्या शरीरावरच उलटते त्या आजारात, बाकीच्या बहिणी पुढे असतात.

त्या दुपारी जेवणाचा डबा न उघडताच काचताई तीन मजले चढून डॉक्टरांकडे गेली.

“पहिली आणि तिसरी लखलखतायत,” ती म्हणाली. “चौथी काच काळी आहे.”

डॉक्टरांनी माझी फाइल उघडली आणि रक्तात काही नसल्याची आठवण करून दिली.

“ते रक्त अडीच महिन्यांपूर्वीचं आहे, सर. तुकडा या आठवड्यातला आहे.”

डॉक्टर भला माणूस. काचेवरून खात्री होत नाही, संशय तेवढा येतो, असं म्हणत का होईना, ते तिच्यामागून खाली उतरले. बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून होते. मग तिच्याच टेबलावरून त्यांनी मला फोन लावला.

दुसऱ्यांदा काढलेल्या रक्तात उत्तर निघालं. माझ्या पेशींच्या गाभ्यातल्या डीएनएवरच माझ्या अँटीबॉडी चालून गेल्या होत्या. ल्यूपस.  जोरदार औषधं त्याच आठवड्यात सुरू झाली. ठरल्याप्रमाणे सहा महिने थांबलो असतो तर मूत्रपिंडाचं काय झालं असतं, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

हे कुणामुळे कळलं ते ऐकल्यावर मी खाली गेले. पेशंट दारात बघून काचताई गोंधळली, कोटाला हात पुसत राहिली.  मग तिने विचारलं, “बघायचंय का?”

दिवा मालवून तिने मला स्टुलावर बसवलं. आधी नुसता काळोख. मग त्यात हिरव्या ठिणग्यांची वेटोळी उमटली, एकात एक गुंतलेली, इतकी रेखीव की मी आणखी पुढे वाकले. आयुष्यभर नाजूक टाके घातले, पण असं काही हातून झालं नव्हतं.

“हे माझं आहे?”

“तुमचंच. बघा पटकन. सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात रंग विझत जातो.”

खरंच, बघता बघता तो फिका पडत होता. माझे डोळे भरून आले. ज्याने मला आजारी पाडलं ते इतकं सुंदर असेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी वेड्यात काढलं असतं. या अँटीबॉडी अशा का उलटल्या, माझं काय चुकलं, असं मी तिला विचारलं.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” ती म्हणाली. “त्या का चुकतात ते मला सांगता येणार नाही. पण शरीर रोज किती नव्या घडवतं, आणि बहुतेकांच्या उभ्या जन्मात त्या आपलं-परकं बरोबर ओळखतात. इतकी वर्षं झाली, मला त्याचंच नवल वाटतं.”

प्रथिनं वाहणं थांबायला दीड वर्ष लागलं. औषधांनी तोंड सुजलं, केस गळले, मग परत आले. आजार गेलेला नाही, झोपलाय. दर तीन महिन्यांनी रक्त देऊन त्याची झोप तपासावी लागते. मशीनवर मी आता अर्धा दिवस बसते. काचताई निवृत्त झाली. नव्या मुलींना काचा वाचायला शिकवायला ती अजून आठवड्यातून दोनदा जाते. रिपोर्टमध्ये लिहायच्या गोष्टी त्या लवकर शिकतात, म्हणते; फिकट धूळ दिसायला वेळ लागतो.