उंबऱ्याबाहेरून शिकवलेला भात

आधी मावशीचं सांगतो. नाहीतर पुढे सगळं माझंच होऊन बसेल, आणि तसं एकदा झालेलं आहे.

ही माझ्या आईची बहीण नव्हे. भंडारदऱ्याला धरणाच्या वरच्या अंगाला एका बंगल्यात लाकूडफाटा आणि वापरायचं पाणी आणणारी, डोंगरातल्या वाडीवरची महादेव कोळ्यांची बाई. पन्नाशीच्या आतबाहेरची असेल. सगळे मावशी म्हणायचे म्हणून मीही म्हणायचो. तिचं माझं गाव एक नाही, जात एक नाही. तरी आज मी चार माणसांत आचारी म्हणून उभा राहतो, घरचा धाकटा भाऊ शाळेत जातो, ते तिच्यामुळे. तिने मला भात शिकवला. आणि मी तिला काय दिलं, ते सांगायलाच हे लिहायला बसलो आहे. माझी शाळा इंग्रजी दुसरीत सुटली, तेव्हा अक्षराला आणि भाषेला सांभाळून घ्या.

मी मिरजगावाकडचा. घरात भिक्षुकी होती. वडील गेले, शाळा सुटली, आणि मी नगरला एका खाणावळीत लागलो. पाच वर्षं भाज्या चिरल्या, ताटं वाढली, चुलीपाशी काही कुणी जाऊ दिलं नाही. तिथे जेवायला येणारे एक कारकून एकदा म्हणाले, "भंडारदऱ्याला मुंबईच्या एका शेटजींचा बंगला आहे. उन्हाळ्यात हवा खायला कुटुंबं येऊन राहतात. ब्राह्मण आचारी पाहिजे. स्वयंपाक येतो ना तुला?"

"येतो की," मी म्हणालो.

येत नव्हता. आमचा मुलूख ज्वारीचा. घरी भात सणाला आणि श्राद्धाला, तोही मूठभर, आणि तो आई करायची. बारा माणसांचा भात कसा शिजतो ते मी वाढण्याच्या बाजूने पाहिलेलं, रांधण्याच्या नाही.

भंडारदरा आमच्याच जिल्ह्याचं दुसरं टोक, पण मला तो परदेश वाटला. राजूरपासून पुढे मोटार डोंगरात शिरली. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना, कोळशाच्या गॅसवर चालणारी गाडी. चढ आला की आम्ही उतरून चालायचो. आमच्याकडे वैशाखात विहिरीचा तळ दिसतो, आणि इथे डोंगरांच्या मधोमध एवढं पाणी नुसतं पडून होतं. मी बराच वेळ बघत उभा राहिलो. मग आठवलं, की आता उद्या रांधायचं आहे.

स्वयंपाकघर बंगल्याच्या मागे वेगळं होतं. वर कौलं, खाली मातीची जमीन. पाहुणे यायला चार दिवस होते. पहिल्या दिवशी दिवाणजींसाठी, म्हणजे शेटजींचा बंगला सांभाळणाऱ्या कारभाऱ्यांसाठी आणि माझ्यासाठी भात टाकला. खाली करपला, वर कच्चा, मधे लगदा. मी पातेल्याकडे बघत बसलो होतो, तर मागच्या दारातून आवाज आला.

"म्हाराज, ह्यो भात हाय का भिताडाचा गिलावा?"

उंबऱ्याबाहेरच्या दगडावर ती बसली होती, डोक्यावरचा भारा खाली टाकून. मला राग आला. मी म्हणालो, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"न्हाई बा. मला काय कळनार? धरनाचं काम चालू हुतं तवा दगड वाह्यले, त्या टायमापासून ह्या बंगल्यांची लाकडं वाहते. माज्या देखत आठ आचारी आले न् गेले. तू नववा." मग भाऱ्याची दोरी सोडत, "तूबी जानार का लगीच?"

मला रडू फुटलं. वीस वर्षांचा घोडा मी, पण फुटलं. तिने विचारलं नाही की का रडतोस. नुसती म्हणाली, "गिलावा कोंबड्यांला टाक. दुसरं आधन ठिव."

तिथून आमची शाळा सुरू झाली. ती आत येत नसे, येणं चालतही नसे. सोवळ्याचं पाणी मी भरायचं, चुलीशी मी, आणि उंबऱ्यापलीकडे दगडावर ती. ती पाठ करून बसायची, काहीतरी निवडत, सोलत, आणि कानाने स्वयंपाक करायची. "उकळीचा आवाज जाड झाला बघ, लाकडं मागं वढ." "फोडनी जळाया लागली, वास येतोय." "आमटीत गूळ न्हाई पडला." चाखल्यावाचून तिला कसं कळतं म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "आठ आचाऱ्यांचा वास घेतला बाबा. चव म्हंशील तर, उरलंसुरलं गार झाल्याव मिळायचं, त्येवडीच."

तिकडचा काळभात नावाचा तांदूळ जुना झाला की मोकळा शिजतो. पण तो भरपूर पाण्यात शिजवून वेळावा लागतो, म्हणजे वरची पेज काढून टाकायची. पहिल्यांदा मी ती पेज मोरीत ओतली, तेव्हा ती दगडावरून उठलीच. "वतली? आरं, आमच्या वाडीत मानसं पेजंवर पावसाळा काढत्यात!" त्या दिवसापासून पेजेचा तांब्या मी उंबऱ्याबाहेर ठेवू लागलो. मीठ टाकून ती प्यायची आणि म्हणायची, "आज चांगलं रांधलंस. पेजंवरनं कळतंय."

मग पाहुणे आले. मुंबईचं कुटुंब, लहानमोठी धरून बारा माणसं. घोटीवरून आले, सामानाबरोबर लोणच्याच्या बरण्या आणि ग्रामोफोन. मुंबईत रेशनचं धान्य खाऊन कंटाळलेली माणसं ती, इथलं दूध-तूप बघून खुळी झाली. सकाळी होडीतून जलाशयात फिरायची, नाहीतर करवंदीच्या जाळ्यांत घुसून हात ओरबाडून घ्यायची, आणि अकरा वाजले की माझ्या दारात, "महाराज, काय केलंय?" एक जावईबापू रोज म्हणायचे, "इथली हवा फार वाईट. सारखी भूक लागते."

मावशीने खुरासणीची चटणी सांगितली. खुरासणी म्हणजे तिकडे डोंगरउतारावर होणारी काळी तेलबी. भाजायची, लसूण-मिरची घालून कुटायची. ती मी केली, आणि ती माणसं पानातलं श्रीखंड सोडून चटणीच्या मागे लागली. "ही कुठे शिकलात?" म्हणून विचारलं.

"आमच्याकडची आहे," मी म्हणालो. मावशी मागच्या दाराशी भांडी घासत होती. ती हसली. मला वाटलं, तिला गंमत वाटली. तेव्हाच मला लाज वाटायला हवी होती. तिचं ते आपलं म्हणायची सवय तिथे लागली.

त्या कुटुंबात थोरल्या काकू होत्या. सोवळं कडक. ब्राह्मण आचारी आहे, अशी खात्री करून घेऊनच त्या मुंबईहून निघाल्या होत्या. वाईट बाई नव्हत्या. मला "बाळ" म्हणायच्या, आईची चौकशी करायच्या. त्यांच्या सांगण्यावरून स्वयंपाकघर रोज सकाळी मी सारवत असे.

एके दिवशी ही सगळी मंडळी सकाळीच रंध्याला गेली. उन्हाळ्यात धबधबा कसला, पण कडा आणि खालचे डोह बघायचे होते. एक वाजता जेवायला येणार होती. जाताना जावईबापू म्हणाले, "महाराज, आज चालून येणार आहोत. भात दुप्पट टाका!"

मी सारवून घेतलं, आधण ठेवलं. भात झाला. एवढं मोठं पातेलं मी कधी वेळलं नव्हतं. फडकं धरून कलंडवलं, आणि झाकण सरकलं. उकळती पेज उजव्या हातावर आली, मनगटापासून बोटांपर्यंत. पातेलं गेलं, भात जमिनीवर.

मी ओरडलो. ती बाहेरून म्हणाली, "पान्यात घाल हात! घाल आदी!" हात पाण्यात घातला. पण डोळ्यांसमोर एक वाजलेला दिसत होता. बारा माणसं चालून येणार, पान रिकामं, आणि दिवाणजी म्हणणार, नगरला परत जा. आईला काय सांगू? भाऊ नुकता शाळेत बसला होता.

"मावशी, आत ये," मी म्हणालो.

"खुळा का काय! बाटंल समदं."

"कुणी नाही बघायला. ये."

"न्हाई रं. तुज्या पोटावर पाय यील."

"तू नाही आलीस तरी येणारच आहे. पाया पडतो तुझ्या." आणि मी खरंच उंबऱ्याशी वाकलो.

तिने एकदा रंध्याच्या वाटेकडे पाहिलं. मग पाय धुतले, पदर खोचला, आणि आठ आचाऱ्यांत कधी ओलांडला नव्हता तो उंबरा ओलांडला. चुलीपाशी पहिल्यांदा बसली तेव्हा आधी नुसती इकडेतिकडे बघत राहिली. "आतून आसं दिसतंय व्हय," म्हणाली. नंतर मात्र हात थांबला नाही. सांडलेला भात उचलला, नवा टाकला, आमटी, भरली वांगी, कोशिंबीर, चटणी. मी हात पाण्यात घालून दगडावर बसलो, तिच्या जागेवर. एकदा मी म्हणालो, "मावशी, आमटीत गूळ?" तर आतून म्हणाली, "गप बस. तू आता भाईर हाईस."

ती माणसं आली आणि जेवली. असं जेवली की जावईबापूंनी पानावरच टेकून घेतलं. डाव्या हाताने वाढता येईना, म्हणून घरातल्या सुनांनी वाढलं. मी हात थोडा भाजला म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, "आजच्या आमटीला चव निराळीच आहे रे." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, विनय.

जेवणं झाल्यावर काकू तुपाची वाटी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. माझ्या हाताला लावायला. "दाखव बाळ. अग आई ग! एवढा भाजला आणि एवढं रांधलंस?" तूप लावता लावता त्यांचं लक्ष खाली गेलं.

सारवण ओलं असतानाच सगळी धावपळ झाली होती. आता ते वाळलं होतं, आणि त्यात उंबऱ्यापासून चुलीपर्यंत पावलं उमटली होती. लहान, रुंद पावलं. अंगठ्याशेजारच्या बोटाखाली जोडव्याची खूण. मी सगळं पुसलं होतं, भांडी लावली होती, जमिनीकडे मात्र बघितलं नव्हतं.

"ही पावलं कुणाची रे?"

मला खरं सांगता आलं असतं. हात समोर होता, भाजलेला. काकू तूप लावत होत्या. तेवढं सोपं परत कधी होणार नव्हतं. पण मी म्हणालो, "मी हात धुवायला बाहेर गेलो होतो काकू. तेवढ्यात लाकडं ठेवायला शिरली असेल ती. किती वेळा सांगितलं, ऐकत नाहीत ही माणसं."

'ही माणसं.' माझेच शब्द.

मावशी मागच्या दाराशी होती. काकूंनी हाक मारली. "काय गं, आत शिरलीस?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं.

"व्हय बाई. चुकलं."

"कशाला हात लावलास? खरं सांग."

"न्हाई बाई. कशालाच न्हाई. लाकडं ठिवली अन् मागं फिरले."

काकूंनी श्वास सोडला. "स्वयंपाकाला शिवली नाही ना, मग झालं." गोमूत्र शिंपडलं, मला पुन्हा सारवायला सांगितलं, आणि त्यांच्या मनातून विषय गेलाही. बारा माणसांचं जेवण तिने एका खोट्यात वाचवलं, आणि माझी नोकरीही. पण दिवाणजींच्या कानावर गेलंच. पाहुण्यांची तक्रार नको म्हणून त्यांनी तिला उद्यापासून येऊ नको सांगितलं. मी तिथेच होतो. तेव्हाही बोललो नाही.

जाताना ती तिच्या दगडापाशी थांबली. मला वाटलं, आता शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "पातेलं आंगाकडं कलंडवू नको. पल्याड कलंडव. न्हाईतर दुसरा हातबी जायाचा."

त्या दिवशीचा पेजेचा तांब्या भरलेला तसाच राहिला होता. मला तो प्यायचं धाडस झालं नाही, आणि ओतायचंही.

पाहुणे गेले ते माझी तारीफ करत. काकूंच्या मुलाने चिठ्ठी लिहून दिली, 'उत्तम आचारी, सोवळ्यात चोख.' पावसाळ्याआधी मी त्या चिठ्ठीवर दुसरीकडे निघालो. राजूरच्या रस्त्यावर मोटार चढाला हळू झाली, तर ती भारा घेऊन कडेने चालली होती. तिने मला ओळखलं. भाऱ्याखालून हात वर केला आणि हसून ओरडली, "म्हाराज, पेज वतू नका!" शेजारी दिवाणजी बसले होते. मी धोतराची निरी नीट करत राहिलो. हात वर केला नाही.

त्याला पाच-सहा वर्षं झाली. मी आता घरापासून लांब, दुसऱ्या एका थंड हवेच्या गावी आचारी आहे. इथेही मुंबईची माणसं येतात, इथेही भात मोकळा झाला म्हणून वाखाणतात. उजव्या हातावर डाग आहे. कुणी विचारलं की स्वयंपाकात भाजला म्हणतो, आणि तिथेच थांबतो. काकूंना पत्र लिहायला दोनदा बसलो. दोन्ही वेळा 'आपली प्रकृती बरी असेल' याच्या पुढे गेलो नाही.

तेव्हा हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. सुट्टी मिळाली की एकदा मी त्या वाडीवर जाईन. मावशीच्या दाराशी, उंबऱ्याबाहेर बसेन. ती आत बोलावील तेव्हाच आत जाईन. तिच्या चुलीवर तिने शिकवलेला भात रांधीन, पातेलं पल्याड कलंडवीन, आणि पहिलं पान तिचं वाढीन, गरम गरम. मग वाडीतल्या माणसांसमोर सांगेन, की त्या दिवशी ती आपण होऊन शिरली नव्हती, मी पाया पडून बोलावली होती. दिवाणजी अजून तिथे असतील तर त्यांनाही हेच सांगेन.

मावशी, हे तुला कुणी वाचून दाखवलं तर थांब. मी येतो आहे.